बघून भरायचा रकाना

६ मार्च, बुधवार

दादा,

नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही तिकडे बरे असाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू बरा नाहीस हे मला ठाऊक आहे. वहिनीचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. म्हणाली, जिना चढताना तू हल्ली मधल्या मजल्यावर थांबतोस आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत उभा राहतोस. वर "किती छान वाढलंय" असंही म्हणतोस. दादा, तुला उभ्या जन्मात पालक आणि गवत यातला फरक कळला नाही. कुंड्यांचं नाव सांगून दम कसला लपवतोस?

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात येईल. एक तर तू फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी माझं मेलं लक्ष बोलण्याकडे राहत नाही, मी तुझे श्वास मोजत बसते. मागच्या खेपेला "हॅलो" आणि "बोल" यांच्या मध्ये तू दोनदा दम घेतलास, आणि मी बोलायचं ते विसरून गेले. पत्रात तेवढी तरी सोय आहे.

आधी घरच्या बातम्या. तुझी भाची माझ्यापेक्षा दोन बोटं उंच झाली आहे आणि दिवसातून चारदा शेजारी उभी राहून ते सिद्ध करते. मामा का येत नाही, हे विचारायचं तिने आता सोडून दिलंय. ह्यांची पाठ अधूनमधून धरते, लोळायला तेवढंच निमित्त. दवाखान्यात आमच्या खात्याच्या भिंतींना नवा रंग लावला, फिकट हिरवा, त्यामुळे येणारा प्रत्येक माणूस तपासायच्या आधीच आजारी दिसतो. खिडकीची कडी मात्र अजून दोऱ्याने बांधलेलीच आहे.

आता मुद्द्याची बातमी. आमच्या मशीनमधला एक रकाना काढून टाकला.

तुझी फुप्फुसांची तपासणी झाली त्याला तीन वर्षं झाली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोर मी घसा ताणून ओरडतेय, फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका. लहानपणी गरम दुधापासून आरशापर्यंत दिसेल त्याच्यावर फुंकत सुटायचे म्हणून तू मला फुंकणी म्हणायचास. चौदा वर्षं पोट भरते आहे तेही लोकांना फुंकायला लावून. तुझ्या जिभेला काही काळं होतं की काय कोण जाणे.

तर फुंकण्याआधी मशीनला चार गोष्टी सांगाव्या लागायच्या. वय, उंची, बाई की पुरुष, आणि गट. गट एक म्हणजे सपाटीवरचे, गट दोन म्हणजे डोंगराकडचे. गट भरल्याशिवाय मशीन पुढे सरकायचंच नाही. आणि पेशंटला हा एवढा एक रकाना विचारायचा नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. विचारलं तर लोकांना वाईट वाटतं, बरं दिसत नाही. म्हणून बघून भरायचा. रंग बघायचा, नाक बघायचं, आडनावावर नजर टाकायची आणि बोट ठेवायचं. मला अर्धा सेकंद लागायचा. नव्या मुलींना मी ते शिकवायचेसुद्धा, आणि त्यात मला फुशारकी वाटायची.

गट दोन दाबला की मशीन त्या माणसाकडून बारा टक्के कमी हवा मागायचं. डोंगराकडच्या माणसांची फुप्फुसं जात्याच लहान असतात, असं धरून चाललेलं. कमी मागितलं की कमी दिलेलंही पुरेसं ठरतं. एवढाच सगळा हिशेब.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक नव्या डॉक्टरबाई आल्या. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक, पण एकदा प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत खुर्चीतून उठत नाहीत. त्यांनी विचारलं, हे बारा टक्के आले कुठून? मोठ्या डॉक्टरांना तो प्रश्न उद्धट वाटला. ते वाईट नाहीत, दादा. पंचवीस वर्षं त्यांनी छात्या ऐकण्यात घालवली आहेत. ते म्हणाले, हजारो माणसं मोजून आकडे काढलेत, मोजमाप खोटं बोलत नाही, डोंगराकडच्यांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, त्यात कुणाचा अपमान नाही. बाई म्हणाल्या, मोजलं ते बरोबरच असेल, पण कुणाला मोजलं? त्या जुन्या मोजणीतले डोंगराकडचे लोक निम्मे खाणीतले होते, बाकीचे धुराच्या खोल्यांत वाढलेले, अर्धपोटी. आजारी छात्या मोजून तुम्ही तेच निरोगीपणाचं माप ठरवलंत.

मग मोठ्या डॉक्टरांनी रक्ताचा आजार काढला. तोच, जो आपल्या मावशीला होता. तो डोंगराकडे जास्त दिसतो हे नाकारणार का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही नाकारत. पण तिथे आपण रक्त काढून बघतो ना, सर? तोंड बघून नाही ठरवत."

पुढे वरून पत्रक आलं आणि रकाना गेला. मोठ्या डॉक्टरांनी पत्रकावर सही केली, पण जुने रिपोर्ट उकरायचे नाहीत, लोक उगाच घाबरतील, असं बजावलं. मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कपाटातून तुझा कागद काढला.

तू साडेतीन लिटर हवा फुंकली होतीस. तिसरी फुंक सगळ्यात मोठी होती, तीच धरली जाते. जुन्या रीतीने ते शंभरातले शहाऐंशी होतात. रकाना काढून तोच आकडा घातला तर शहात्तर. ऐंशीच्या खाली आलेल्या माणसाला कारखान्याने धुळीतून बाहेर काढायचं असतं, आणि छातीचा मोठा फोटो काढायला पाठवायचं असतं. तुझ्या कागदावर "सामान्य" असा शिक्का आहे. तो घेऊन तू परत दगड कापायला गेलास, आणि तीन वर्षं कापतो आहेस.

मशीन तसं होतं, दादा. नियमही तसा होता. त्या दिवशी खोलीत गर्दीही फार होती.

१२ एप्रिलला, शुक्रवारी, सकाळी दहाला ये. मी वेळ धरून ठेवली आहे. फुप्फुसाचा गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला राखता येतो. त्यासाठी आधी धूळ सुटायला हवी, आणि धूळ सुटायला तो आकडा कागदावर यायला हवा. उपाशी येऊ नकोस. घट्ट पट्टा लावून येऊ नकोस. ये मात्र.

तुझी,
फुंकणी


१९ मार्च, मंगळवार

फुंकणीबाई यांस,

पत्र पोचलं. वाचताना मध्ये दोनदा थांबलो, पण ते दम लागला म्हणून नाही, तुझ्या अक्षरामुळे. शाळेत असताना तुझी वही बघून मास्तर मला बोलवायचे, हिने काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणून. अजून तेच काम माझ्याकडे आहे.

तुझ्या वहिनीने तुला काय काय सांगितलं ते कळलं. कुंड्या खरंच छान वाढल्यात. एकदा येऊन बघ.

शहाऐंशी आणि शहात्तर यातला फरक मला समजावू नकोस. मी मिलिमीटरमध्ये काम करणारा माणूस आहे. दगडी ओट्याला भांडी घासायच्या सिंकसाठी खाच पाडताना दहा मिलिमीटर चुकले तर अख्खं सिंक खालच्या कपाटात जाऊन बसतं. बावीस वर्षांत माझं एक सिंक पडलेलं नाही. आणि आमच्याकडे माप चुकलं तर टेपला कुणी दोष देत नाही. पहिला प्रश्न असतो, टेप धरली होती कुणी?

तुझ्या पत्रात मशीन किती वेळा आलं ते मोजायला बसलो आणि कंटाळून सोडून दिलं. मशीनने मागितलं, मशीन पुढे सरकेना. नियमही आला, गर्दीही आली. माझ्या वेळी बोट कुणी ठेवलं तेवढं लिहायचं राहून गेलं बघ.

शेजारच्या मशीनवर एक जण होता, तुला मी त्याच्याबद्दल सांगायचो. उंच, गोरा, सतत शिट्टी वाजवणारा. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो, एकाच पत्र्याखाली, एकच धूळ. त्याच आठवड्यात तोही तुमच्याकडे येऊन फुंकून गेला. त्याला अठ्ठ्याहत्तर आले. महिन्याच्या आत त्याला गोदामात बसवलं. मी तेव्हा त्याची कीव केली, बिचाऱ्याची छाती गेली म्हणून. परवा तो भेटला. नातीला खांद्यावर घेऊन टेकडी चढून आला होता आणि शिट्टी वाजवत होता. तुझं पत्र वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा तो आठवला.

मी रागात लिहीत नाहीये. राग होता, तो तीन वर्षं पुरवून पुरवून वापरला, आता थोडाच उरलाय. पण मला कापायच्या मशीनवरून काढलं तर मी करू काय, हेही कुणीतरी सांगायला हवं. हात दुसरं काही जाणत नाहीत. तुझी वहिनी म्हणते, आधी जिवंत राहा, मग हातांचं बघू. तिने तुझी तारीख स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खडूने एवढी मोठी लिहिली आहे की येणारे जाणारे विचारतात, त्या दिवशी काय आहे.

अजून एक. आई डोंगरातली, बाबा सपाटीचे. तुझ्या मशीनमध्ये दीड नावाचा गट नव्हता का?

येईन. पण एक अट आहे. चिमटा लावायच्या आधी मला विचार, मी कोण. खोलीत जे कोणी बसले असतील त्यांच्यासमोर विचार. एकदा नळी तोंडात गेली की माणसाला बोलता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कळावे,
आपल्या ओळखीतला एक गृहस्थ


२८ मार्च, गुरुवार

दादा,

तुझी शेवटची ओळ वाचली आणि पत्र पिठाच्या डब्यामागे सरकवून ठेवलं. पाच दिवस तिथेच होतं. रोज पीठ काढताना दिसायचं. आज बाहेर काढून समोर ठेवलंय.

तू ऐकलं होतंस. तू ऐकलं नसशील अशी मी तीन वर्षं स्वतःची समजूत घालत होते.

सगळं लिहिते, मध्ये थांबवू नकोस. त्या दिवशी तू आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला होतास, तरी भुवयांत दगडाची पूड होती. दारात उभा राहिलास तेव्हा मला आई आल्यासारखं वाटलं. तोच रंग, तेच नाक, भिंतीला टेकायची तीच सवय. खिडकीपाशी मोठे डॉक्टर सह्या करत बसले होते. मशीनने गट विचारला. एक दाबला असता तर त्यांनी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं असतं आणि म्हणाले असते, हे एक कसे? दोन दाबून तू माझा भाऊ आहेस असं सांगितलं असतं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. कारण नोकरीला लागताना माझी तपासणी झाली तेव्हा माझ्याकडे बघून कुणीतरी एक दाबला होता, आणि मी गप्प बसले होते. बाबांचा गोरेपणा मला आयता मिळाला आणि मी तो चौदा वर्षं ओढणीसारखा पुढे घेऊन वावरले. खात्यातल्या बायका डोंगराकडच्यांबद्दल काहीबाही बोलतात तेव्हा मी पेन शोधायला लागते. आईचा फोटो मी तिथे कुणालाही दाखवलेला नाही.

मी दोन दाबला. बोट माझंच होतं.

मग तुला चिमटा लावला, दोन फुंका झाल्या, तिसरीसाठी नळी तोंडात दिली, आणि नोंदी करणाऱ्या बाईंनी विचारलं, "कोण गं हे, ओळखीचे?" मी म्हटलं, "हो, ओळखीतले आहेत आमच्या." तू माझ्याकडे पाहिलंस. मी पडद्याकडे पाहिलं आणि ओरडले, फुंका. तुला मी "फुंका" म्हटलं, दादा. ज्याच्या पाठीवर बसून मी शाळेत गेले त्याला.

ती तिसरी फुंक होती. पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी आली. सगळ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं.

आणि याहूनही वाईट एक आहे. फुंक संपत येताना एक बारीक आवाज येतो, ओल्या दोरीला पीळ बसावा तसा. चौदा वर्षं ऐकून कानाला तो कळतो. तुझ्या फुंकेत तो होता. मला ऐकू आला होता. कागदावर "सामान्य" उमटलं आणि मी कान सोडून कागद धरला, कारण कागद माझ्या सोयीचा होता. तीन वर्षं तू जी धूळ खाल्लीस ती माझ्या या सोयीपायी खाल्लीस. माफ कर असं लिहायला हात उचलत नाही. पण दुसरा शब्दही सापडत नाही, म्हणून तोच लिहिते. दादा, मला माफ कर.

आता काय केलं ते सांगते, नाहीतर हे पत्र नुसतं रडगाणं होईल आणि तू म्हणशील, ओले कागद वाचायला जड जातात.

सोमवारी मी अडगळीच्या खोलीत गेले. जुनं मशीन तिथे आहे, रकान्यासकट. स्वतःच्या नाकाला चिमटा लावला आणि स्वतःवरच ओरडत फुंकलं. ओरडायचं आणि फुंकायचं एकदम जमत नाही, हे तेव्हा कळलं. मग तीच फुंक एकदा गट एक म्हणून छापली, एकदा गट दोन म्हणून. एकावर सत्त्याण्णव आले, दुसऱ्यावर एकशे दहा. दोन्ही कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. नव्या डॉक्टरबाई तिथेच होत्या, नोंदीवाल्या बाईही होत्या.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, या दोन्ही बायकांची प्रकृती उत्तम आहे, मग अडचण काय आहे?

"एकच बाई आहे, सर. मीच आहे. माझी आई डोंगरातली."

नोंदीवाल्या बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. मी पुढे तुझा कागद ठेवला आणि म्हटलं, हे तीन वर्षांपूर्वी येऊन गेले, दगड कापतात, यांना सामान्य म्हणून आपण परत धुळीत पाठवलं. आणि हे माझे सख्खे भाऊ आहेत.

मला वाटलं होतं ते चिडतील. ते बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून बघत राहिले. मग म्हणाले, "मी तेव्हा इथेच बसलो होतो ना?" मी हो म्हटलं. "आणि विचारायचं नाही, असं मीच सगळ्यांना शिकवलेलं." एवढंच बोलले. संध्याकाळी निघताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. कारखान्यातून आलेल्यांचे सगळे जुने रिपोर्ट काढायला सांगितलं. मी आणि नव्या बाई तीन दिवस तेच करतोय. आतापर्यंत एकेचाळीस जण असे सापडले ज्यांना ऐंशीच्या वर दाखवलं होतं आणि ते खाली आहेत. एकेकाला पत्र जाणार आहे, मोठ्या डॉक्टरांच्या सहीचं. तुझ्या पत्र्याखालचे सात आहेत. त्यांना आधीच सांगून ठेव, पत्र बघून घाबरायला नको.

अजून एक गंमत आहे. गंमत म्हणावी की नाही माहीत नाही. मी मावशीचं सांगितलं तेव्हा नव्या बाई म्हणाल्या, तुमची मावशी त्या रक्ताच्या आजाराने गेली, तर तुम्ही कधी तपासून घेतलंत का? मी म्हटलं, मला कुणी सांगितलंच नाही. गोऱ्या बाईला कोण सांगतं? त्यांनी लगेच रक्त काढलं. आईच्या घराण्यातला तो अंश माझ्यात आहे, दादा. मला त्याचा त्रास नाही, होणारही नाही, फक्त तुझ्या भाचीचं रक्त एकदा तपासून ठेवायचं, बस. पण ते कळल्यावर मी खुर्चीत बसून हसले आणि मग रडले. आईला मी एवढं लपवलं आणि ती माझ्या रक्तातच बसून होती.

कामाचं विचारलं होतंस. मला त्यातलं कळत नाही, पण एक विचारते. घरोघर जाऊन ओट्यांची मापं कोण घेतं? ज्याचं एकही सिंक पडलं नाही अशा माणसाची तिथे गरज नसेल का?

तुझी अट मान्य आहे. विचारीन, सगळ्यांसमोर विचारीन, आणि तू सांगशील ते लिहीन. नव्या फॉर्मवर गटाचा रकाना नाही. पण खाली एक ओळ आहे, जवळच्या माणसाची: कोण, आणि पेशंटशी नातं काय. ती भरायला १२ तारखेची वाट बघवली नाही. आज शाईने भरून ठेवली आहे.

तुझी सख्खी, एका आईची,
बहीण


३ मे, शुक्रवार

फुंकणी,

यावेळचं अक्षर वाचता आलं. सुधारणा आहे.

कालपासून मापं घ्यायला जातोय. मालक आधी कुरकुरला. मग तुमच्या मोठ्या डॉक्टरांचं पत्र वाचलं, मोठ्या फोटोतले वरच्या बाजूचे पांढरे ठिपके बघितले आणि हो म्हणाला. माझ्या नव्या फुंकेचा सत्तर हा आकडा त्याला कळला नाही, ठिपके कळले. कापायच्या मशीनवर आता पाणी सोडूनच कापायचं असं ठरलंय. इतकी वर्षं नळ दोन हातांवर होता. आमच्यातल्या सातांपैकी चार जण बाहेर आले. उरलेल्या तिघांच्या पुन्हा फुंका घ्यायच्या आहेत. तू जरा हळू ओरड, त्यातला एक भित्रा आहे.

काल एका घरी माप घेत होतो. त्या बाई म्हणाल्या, इतके हळू का घेता माप? मी म्हटलं, चूक होऊ नये म्हणून. खरं म्हणजे मी मधेमधे दम घेत होतो. पण चूकही झाली नाही.

जिन्यात आता मी सरळ पायरीवर बसतो. लपवत नाही. तुझी वहिनी शेजारी बसते आणि भाजी निवडते. शेजाऱ्यांना माझं कुंड्यांवरचं प्रेम खरं वाटलं, त्यांनी एक कुंडी आणून दारात ठेवली. आता त्या झाडाला पाणी घालणं माझ्या गळ्यात पडलंय. नाव विचारायची लाज वाटते. तू भाचीला घेऊन ये आणि बघून सांग. नाहीतर राहू दे, बघून सांगू नकोस, मीच विचारीन.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात तो अंश नाही. म्हणजे आईचा रंग मला मिळाला आणि रक्त तुला. तिने वाटणी अगदी सारखी केली बघ. आपणच दोघं भांडत बसलो.

एक तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तुम्ही कोण?" आणि मी सांगितलं, हिचा मोठा भाऊ. तू ते लिहीत होतीस तेव्हा तुझा हात बघत होतो. मोठे डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले, ते तुला दिसलं नाही, तुझी पाठ होती. मग तू चिमटा लावलास. पहिल्या दोन फुंका नीट गेल्या. तिसरीला तू ओरडलीस, "फुंक, दादा, फुंक, अजून," आणि मला हसू फुटलं. तुझ्या मशीनने ती फुंक बाद केली.

तीन वर्षांपूर्वी रागाने फुंकली ती तुम्ही मोठी म्हणून धरलीत. ही बाद झालेलीच माझी खरी समज.

तुझा,
दादा